मला न आठवणारा पौष

हरभरा घाट्यावर आला की त्याच्या पानांवर आंब धरते. आमच्या भागात बायका उन्हं वर यायच्या आत शेतात जातात, धुतलेलं पांढरं फडकं दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरून फिरवतात आणि पातेल्यात पिळतात. चार-सहा सकाळी असं केलं की बाटलीभर आंबट पाणी जमतं. पोट दुखलं, अन्न पचलं नाही, की वर्षभर तेच औषध. त्या पाण्याला एक वास असतो. आंबट, हिरवा, थोडा मातीचा आणि थोडा फडक्याच्या सुताचा. दुसऱ्या कशालाच तो वास येत नाही.

या वर्षी पौष लागला त्या आठवड्यात बारामतीच्या बाजारात मेथीच्या जुड्यांमागे बसलेल्या एका बाईजवळ मला अशी बाटली दिसली. मी बूच काढून ती नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिले.

"घ्या की बाई, ताजी हाय," ती म्हणाली. "नुसता वास घिऊन पोट दुखायचं ऱ्हातं व्हय?"

माझ्याबरोबर माझी मुलगी मंगल होती. तिला सहावं वर्ष लागलं आहे आणि या वयाच्या मुलांप्रमाणे ती प्रश्नाला प्रश्न जोडत चालते.

"आई, हे काय आहे?"

"आंब. तुझी आजी करायची मळ्यात."

"मी बाळ होते तेव्हा मला दिली होती?"

"आठवत नाही गं."

"मी बाळ असताना खूप रडायचे?"

"रडत असशील."

ती चालता चालता थांबली. पिशवीचा एक बंद तिच्या हातात होता, त्यामुळे मलाही थांबावं लागलं. "असशील म्हणजे काय? तू नव्हतीस का तिथं?"

होते. मीच तिथं होते. असाच पौष होता, हरभरा असाच घाट्यावर होता, इंदापूरच्या वाटेवर कालव्याखाली माझ्या वडिलांचा मळा आहे, तिथल्या मागच्या खोलीत ही मुलगी जन्माला आली. तिथून होळीपर्यंतचे दिवस मी तिच्यासोबत त्या खोलीत काढले. पण ते दिवस माझ्याजवळ नाहीत. कितीही आत हात घातला तरी रिकामाच बाहेर येतो. ज्या एका माणसाजवळ ते होते, ती माझी आई गेल्या आषाढात गेली. जाण्याआधी मी तिला विचारून ठेवायला हवं होतं, पण आई असते तोवर असं काही विचारायचं सुचत नाही. आईला सगळं माहीत आहे एवढं माहीत असलं की पुरतं.

बाटली विकत घेऊन मी घरी आले. ती अजून फडताळात आहे. कुणाचं पोट दुखलं नाही, तरी अधूनमधून मी तिचं बूच काढते.

ज्यांच्या घरात पुस्तकं होती त्यांना कदाचित मंगल पोटात असतानाची माझी भीती कळायची नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, वांगी, गवार, पेरू पिकवायचे आणि बैलगाडीनं बाजारला न्यायचे. मळ्यातून गावच्या शाळेत मी पायी जायची. वाटेवरच्या वस्त्यांवरच्या बायका मला निरोप सांगायच्या, कारण पत्र लिहायला कुणाला येत नव्हतं. "शांते, गावात माझ्या भैनीला सांग, म्हैस व्याली, खरवस धाडते, आन् तिच्या सासूला म्हणावं पाय बरा हाय का." असे पाच-सहा घरांचे निरोप मी नेत असे आणि एक शब्द इकडचा तिकडे न होता पोचवत असे. सासूच्या पायासकट. पुढं हायस्कूलला बारामतीला गेले तेव्हा वर्गातल्या मुलींची पुस्तकं एक दिवसासाठी आणायची आणि परत द्यायच्या आत पाठ करायची, ही माझी रीत होती. लोक म्हणत, तात्यांच्या पोरीचं डोकं म्हणजे रांजण आहे, ओतत राहा. माझ्या शिक्षकांनी ते ओतलं. वसतिगृहातल्या बाईंनी ओतलं. मी पुण्याला इंटरपर्यंत गेले ती त्या सगळ्यांच्या खांद्यावर बसून. माझ्याजवळ हुशारी होती असं मला कधी वाटलं नाही. माझ्याजवळ आठवण होती. ती एकच वस्तू माझी स्वतःची होती.

मग लग्न झालं. आमचे हे बारामतीच्या शाळेत शिक्षक. त्यांनी आपणहून सांगितलं, बी.ए. पूर्ण कर. घरी राहून परीक्षेला बसायची सोय होती. पुस्तकं आली, पुढच्या चैत्रातली परीक्षा ठरली आणि त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला मला दिवस गेले.

पहिल्यांदा गेले ते किरकोळ शब्द. चाळणी, उलथनं, किल्ली. वस्तू डोळ्यांसमोर असायची आणि तिचं नाव येत नसे. "ते द्या ना, ते," असं मी यांना म्हणत असे आणि हे बिचारे घरातली एकेक वस्तू उचलून दाखवत. मग गोष्टी जाऊ लागल्या. चहात साखर घातली की नाही. दार ओढून घेतलं की नाही. एकदा मी घागर घेऊन आडावर गेले, शेजारणींशी बोलले, आणि बोलून झाल्यावर रिकाम्या हातानं घरी आले. घागरही तिथंच आणि पाणीही तिथंच. शेजारची मुलगी घागर घेऊन मागून आली तेव्हा मी तिला विचारलं, "अगं, आमची घागर तुझ्याकडे कशी?"

तोवर हसण्यावारी होतं. पण मग एका दुपारी मी पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली, मिटलं, आणि काय वाचलं ते सांगू पाहिलं. काही नव्हतं. मी पुन्हा वाचलं. पुन्हा मिटलं. बाहेर कुणीतरी शेंगा भाजत होतं त्याचा वास येत होता, आणि माझ्या डोक्यात तेवढा एक वासच होता. त्या दिवशी मी खूप रडले. एवढ्या लोकांनी जे ओतलं ते सगळं वाहून गेलं, असं मला वाटलं. पोटातल्या बाळाचा मला राग येत नव्हता. पण बाळ हातात येईल तेव्हा मी पुन्हा निरक्षर झालेली असेन, आणि तात्यांना काय सांगू, हेच मनात होतं.

तेव्हा मी पदराला गाठी मारायला लागले. आमच्याकडे सगळ्याच बायका मारतात. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला एक गाठ, काम झालं की सोडायची. मराठीत खूणगाठ हा शब्द मी पुस्तकात कितीदा वाचला होता, पण तो कुणाच्या तरी पदरातून उठून पुस्तकात गेला असेल, हे मला त्या दिवसांत कळलं. माझी पंचाईत एवढीच की गाठी राहायच्या आणि खूण जायची. पदराला तीन-तीन, चार-चार गाठी, आणि मी त्या बोटांनी चाचपत उभी. कशासाठी मारल्या होत्या?

सातव्या महिन्यात ओटी भरायला मळ्यावर आणलं. वस्तीवरच्या बायका जमल्या होत्या. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मांडीवर नारळ. माझी चंद्रावहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, तेव्हा घरात नवी होती आणि सगळ्यांत उत्साही तीच.

"वन्सं, नाव घ्या! शिकल्याली बाई हाय, चांगलं लांबलचक येऊ द्या."

मी उखाणा जुळवून ठेवला होता. घाबरत घाबरत पण नीट सुरुवात केली:

"कालव्याच्या पाण्यावर उसाला आला तुरा..."

आणि पुढं नावच येईना. आता हे पुरुषांना सांगून पटणार नाही. पण नवऱ्याचं नाव आम्ही एरवी कधी उच्चारतच नाही. अहो, इकडं बघा, मंगलचे वडील, आमचे हे. वर्षातून एखाद्या ओटीला, एखाद्या हळदीकुंकवाला ते ओठांवर यायचं, आणि तेवढ्यानं काही शब्द जिभेवर बसत नाही. बायका वाट पाहत होत्या. मी डोळे मिटले. काहीतरी 'राव' होतं एवढं आठवत होतं.

"...सर्जेरावांचं नाव घेते, लक्ष द्या जरा."

मग चंद्रावहिनीनं पदर तोंडात कोंबला.

"आगं बया," एक म्हातारी म्हणाली, "सर्ज्या तर तात्यांचा बैल हाय!"

मग जे हसणं सुरू झालं ते अंगणाबाहेर गेलं. गोठ्यात सर्ज्यानं मान हलवली असेल, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, आणि बायका आणखी हसल्या. "जावई वळखीचं निघालं की!" "हुंड्यात पेंड दिली का गं?" "बरं हाय, चारापान्याला सोपं!" मीही हसत होते. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं. त्यांचं नाव वसंतराव आहे. आज लिहिताना आठवतं आहे, आणि लिहितानाही हात क्षणभर थांबतो.

बायका गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. ती ओटीतले तांदूळ निवडून वेगळे करत होती. मी तिला सगळं सांगितलं. शब्द जातात, पुस्तक जातं, आता तर नवऱ्याचं नावही गेलं. माझं डोकं गेलं आई, मी म्हणाले.

आईनं तांदूळ सुपाच्या कडेला सारले. मग म्हणाली, "घरात पाव्हणा यायचा म्हनलं का आपुन मधलं घर रिकामं करतो का न्हाय? कणग्या हलवायच्या, वळकट्या उचलायच्या. समदं माळ्यावर टाकायचं. मग कुणी म्हणतं का, घर लुटलं म्हणून?"

"मग खाली कधी येतं?"

"पाव्हणा रुळू दे की. येतंय खाली. घाई काय हाय."

आईला लिहिता येत नव्हतं. पण तिनं ते ज्या शांतपणे सांगितलं, त्यानं मला त्या रात्री झोप लागली.

मंगलचा जन्म सकाळचा. एवढं मला आठवतं, कारण कळा सुरू झाल्या तेव्हा आई हरभऱ्यातून फडकं पिळून परत येत होती आणि तिच्या हातांना आंबेचा वास होता. सुईण म्हणून गोदामावशी आली. वस्तीवरची बहुतेक सगळी पोरं तिच्याच हातची. आल्या आल्या तिनं हुकूम सोडला, "समद्या गाठी सोडा. पेट्या उघडा, बोचकी सोडा, कुलपं काढा. घरात गाठ ऱ्हायली तर पोर अडतं."

चंद्रावहिनी घरभर धावली. माझी वेणी सुटली, धान्याच्या पोत्यांची तोंडं सुटली, तिनं दांडीवरच्या कपड्यांच्या गाठीसुद्धा सोडल्या. बाहेर तात्यांना काय करावं कळेना. आत जायचं नाही, नुसतं बसवत नाही. त्यांनी गोठ्यात जाऊन बैलांचे आणि गाईचे कासरे सोडून दिले. जनावरं सरळ हरभऱ्यात शिरली. खोलीत माझं ओरडणं, आणि शेतात "हाऽऽ, हाऽऽ" करत तात्या आणि भाऊ त्यांच्यामागे.

आणि आई माझ्या पदराच्या गाठी सोडत होती. "ही कशाची गं?"

"न्हाय आठवत."

"ही?"

"न्हाय."

तिसरी गाठ घट्ट होती. आईनं ती दातांनी सोडली आणि त्याच वेळी मला एकदम लख्ख आठवलं. "चाळणी!" मी ओरडले. "शेजारणीची चाळणी परत द्यायची ऱ्हायली!"

"दिऊ हां, दिऊ," गोदामावशी म्हणाली. "आधी हे दे."

त्यानंतर मला काही आठवत नाही.

तसं अगदीच काही नाही असं नाही. कौलांतून एक कवडसा भिंतीवर पडायचा आणि दुपारभर सरकत राहायचा, तो आठवतो. मंगलच्या करंगळीचं नख आठवतं, कारण ते नख आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता. पण ती रडायची कशी, तिला कशानं झोप लागायची, मी तिच्याशी काय बोलले, पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली तेव्हा ऊन होतं की सावली, यातलं काही नाही. खोलीत शेक होता, धुरी होती, बाळंतशेपा होत्या, डिंकाचे लाडू होते हे मला माहीत आहे. पण ते इतर बायकांच्या बाळंतपणावरून माहीत आहे. त्या खोलीत मी होते आणि माझ्या आठवणीत मी नाही.

जाग आली ती होळीच्या सुमाराला. म्हणजे डोळे तर उघडेच होते, पण एके दिवशी मी अंगणात उन्हाला बसले होते, कालव्याकडून वारा येत होता, लांब कुणाच्या तरी गुऱ्हाळावर रस उकळत होता त्याचा वास होता, आणि माझ्या मांडीवरचं बाळ माझ्याकडे बघून हसलं. ओळखीचं हसलं. जुन्या ओळखीचं. आणि मी तिच्याकडे अशी बघत राहिले जसं एखादं माणूस रस्त्यात आपल्याला नावानं हाक मारतं आणि आपल्याला ते कोण ते आठवत नाही. तिची माझ्याशी ओळख मुरलेली होती. माझी तिच्याशी त्या दिवशी सुरू झाली.

आई म्हणाली तसं सामान खाली आलं. शब्द आले, चाळणी आली, यांचं नाव आलं. त्या चैत्रात परीक्षा देता आली नाही, पुढच्या चैत्रात दिली. हे मंगलला सांभाळत होते, मी पुण्याला पेपर लिहीत होते. निकाल लागला तेव्हा तात्या भाजीची गाडी घेऊन बारामतीत आले होते. त्यांनी सगळ्यांत मोठी वांगी बाजूला काढली आणि माझ्या शिक्षकांच्या घरी स्वतः नेऊन दिली. "पोरगी बी.ए. झाली," एवढंच म्हणाले आणि दारातच उभे राहिले. शिक्षकांनी आत बोलावलं तरी आत गेले नाहीत. पायाला माती होती म्हणाले.

पण जे दिवस मी माळ्यावर ठेवलेच नव्हते ते खाली कुठून येणार?

मंगलच्या प्रश्नानंतर मी या पौषात तिला घेऊन मळ्यावर गेले. एस.टी.तून भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसली. मंगल जन्मली तेव्हा ती नव्हती, तेव्हा जिकडेतिकडे गुऱ्हाळंच. आता कारखान्याचा भोंगा झाला की मळ्यातली माणसं भाकरी सोडतात. एवढं बदललं, म्हटलं, पण आईच्या वेळचं कुणी तरी काही सांगेल.

चंद्रावहिनीला विचारलं. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. "वन्सं, तवा मी सोळा वर्साची. मला आत कोण येऊ देतंय? मी आपली भांडी घासत व्हते. आन् तुमी बोलायच्या कुठं कुणासंगं?" थोड्या वेळानं तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. "सर्जेराव आठवतंय मला!" मग आम्ही दोघी हसलो. पण ते मला आठवतच होतं.

गोदामावशीच्या वस्तीवर गेले. ती आता उन्हात बाज टाकून असते, डोळ्यांना कमी दिसतं. मंगलला जवळ ओढून तिच्या पायांवरून हात फिरवला. "ही पायाळू न्हवं? व्हय, पायाळूच. लई तरास दिला. आन् रंगानं काळी व्हती, आता उजळली."

"मावशी, ही पायाळू नाही. आणि गोरीच होती म्हणायची आई."

"मग ती दुसरी कुणी." मावशीनं मंगलचा पाय सोडला. "आगं पोरी, म्या इतकी बघितली, समदी येका पोरावानी झाली मला. तुझी ही, त्यांची ती, समदी येकच. रडत आली आन् तेल लावलं का निजली."

मावशीच्या अंगणातून परत येताना मंगल माझं बोट धरून उड्या मारत होती. तिच्या मनातून तो प्रश्न केव्हाच गेला होता. माझ्या मनातून जात नव्हता. आई होती तोवर ते दिवस कुठंतरी होते, ही केवढी श्रीमंती होती. ती माझ्याकडे बघायची तेव्हा त्या बघण्यात ते दिवसही असतील. पाण्याचा तांब्या देताना, निरोप देताना, एस.टी.च्या खिडकीशी हात वर धरून उभी राहिली तेव्हा. आता वाटतं, तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं तर त्यात मंगलचं लहानपण दिसलं असतं.

निघायच्या आदल्या दुपारी तात्या अंगणात घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसले होते. आई गेल्यापासून ते कमी बोलतात. जेवायला बसतानाही पाट भिंतीकडे तोंड करून घेतात. मी जवळच हरभऱ्याचे घाटे सोलत होते आणि मंगल सोललेले दाणे खात होती. सहज म्हणून मी बोलले, "तात्या, हिच्या वेळचं मला काहीच आठवत नाही. आईला विचारायचं राहिलं."

तात्यांचे हात चालूच होते. "म्या तरी काय सांगू? गडीमाणूस. म्या आत येत नव्हतो."

"हो ना."

"भिताडाच्या भाईर बसायचो. हितंच." त्यांनी मानेनं मागच्या खोलीची भिंत दाखवली. "दुपारच्याला तुझी आई जरा आडवी व्हायची. रातभर जागायची बिचारी. आन् ही भवानी नेमका तवाच सूर धरायची."

"मी?" मंगल म्हणाली.

"तू न्हाईतर काय म्या?" तात्या म्हणाले. "मग तुझी आय पाळणा म्हणायची."

मला वाटलं, गोदामावशीसारखंच झालं. दुसऱ्याच कुणाचं तरी मला देतायत. कारण मला एकही पाळणा येत नाही. माझ्या वयाच्या मुली जात्यावर बसून आयांकडून ओव्या शिकल्या तेव्हा मी शाळेत होते. पुढं मंगलला मी नुसतं थोपटून झोपवत आले, आणि त्याची मला मनातून लाज वाटे.

"तात्या, मला पाळणे कुठं येतात?"

"येत कसं न्हाय? रामाचा पाळणा म्हणायचीस की. रोज त्योच. ऐकून ऐकून मला बी आला." आणि मान खाली घालून, दोराला पीळ देत, जुन्या पुरुषी आवाजात त्यांनी हळूहळू सुरुवात केली. "राम्हा... रामौ... रामाहा..."

माझ्या हातातला घाटा तसाच राहिला.

"रामम् रामौ रामान्," तात्या म्हणत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरा लांबवून, झोका परत यावा तसा. "रामेन... रामाब्याम... रामैही..."

हायस्कूलच्या पहिल्या वर्षी संस्कृतच्या तासाला शिकवलेला राम शब्द होता तो. व्याकरण. आमच्या घरात असे उच्चार त्याआधी कुणी केले नसतील. मी आता बारामतीत मुलींच्या शाळेत शिकवते आणि दर पावसाळ्यात नव्या वर्गाकडून तोच शब्द म्हणून घेते. सगळं गेलं असं वाटत होतं त्या दिवसांत, सगळं गेल्यावर तळाशी हे राहिलं होतं, आणि मी ते माझ्या लेकीला गात होते.

"रामाय," तात्या म्हणाले आणि थांबले.

मंगलनं वाट पाहिली. "पुढं?"

"पुढं न्हाय बाळा. हितं तुझी आय थांबायची. 'रामाय' म्हणायची आन् गप. लई येळ गप. मला वाटायचं, निजली का काय. मग तू कुरकुरायचीस, का ती पैल्यापासनं धरायची." त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. "तुझी आजी बी जागीच असायची. डोळं मिटून ऐकायची. म्हणायची, पोरगी येवढं शिकली पर देवाचं ईसरली न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकतंय का काय माझं?"

"नाही तात्या," मी म्हणाले. "असाच आहे तो."

"परत म्हणा ना आजोबा," मंगल म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून आडवी झाली.

तात्यांनी वाखाचा नवा पेड जोडून घेतला आणि पहिल्यापासून म्हणायला लागले. ऊन भिंतीवर आलं होतं. मी घाटे खाली ठेवले आणि डोळे मिटून ऐकू लागले. त्यांचा आवाज घोगरा आहे, उच्चार त्यांचेच आहेत, पण चढउतार कुणा तरी थकलेल्या तरुण बाईचे होते आणि मी ती बाई पहिल्यांदाच ऐकत होते. रामाय आलं. तात्या थांबले, सावकाश, मी थांबत असेन तेवढे. पुढचा शब्द मला येत होता. मी तो म्हटला नाही.